रविवारच्या निऱ्या

उदयपूरचा रविवार आता महिनाभर चालतो.

बाहेरच्या जगाला तो सकाळी सहा ते संध्याकाळी सहा एवढाच दिसतो. शहराभोवती जे कडं बसवलं आहे त्याच्या आत मात्र त्या बारा तासांत तीस दिवस होतात. पूर्वी एका रविवारी जेवढी माणसं पिछोला तलावाच्या काठावर एकमेकांच्या फोटोत येत असत, तेवढीच आता तीस दिवसांत वाटली जातात. प्रत्येकाला बसायला स्वतःची पायरी मिळते. फोटोत मागे कोणी नसतं. फोटो काढून द्यायलाही कोणी नसतं, पण त्याबद्दल अजून कोणी तक्रार केलेली नाही. ही सोय करणाऱ्या कंपनीचं नाव ‘निवांत’, आणि तिची जाहिरात चार शब्दांची आहे : गर्दी नाही, रजा नाही.

सांगलीच्या निरंजन सबनीसला ही कंपनी आपल्याचसाठी निघाली असं वाटलं, यात नवल नव्हतं. गर्दी टाळणं हा त्याचा आयुष्यभराचा उद्योग होता. मधुचंद्राला तो बायकोला घेऊन मे महिन्यात नागपूरला गेला होता, कारण त्या दिवसांत तिथे कोणी जात नाही. उदयपूरची सहल त्याने तीन आठवडे बसून आखली. पावणेदहाला आत जायचं, तीन दिवस राहायचं, अकराला बाहेर. सोमवारी ऑफिसला हजर.

त्याची बायको केतकी वेगळ्याच कारणासाठी तयार झाली होती. तिची धाकटी बहीण मधुरा उदयपुरात मराठी खानावळ चालवायची. राजस्थानी जेवणाचं कौतुक करकरून दुसऱ्या दिवशी भाकरी शोधत फिरणाऱ्या माणसांवर ती खानावळ उत्तम चालली होती. मधुराचा नवरा लवकर गेला. मुलगा अद्वैत गल्ल्यावर बसायचा. म्हातारपणी आपण दोघींनी एकत्र राहायचं, हे बहिणींचं लहानपणापासून ठरलेलं. सांगलीच्या घराचा वरचा मजला केतकीने त्यासाठी भाड्याने दिलेला नव्हता. कॉलेजातून ती निवृत्त झाली की मधुराने यायचं. निवृत्तीला दोन वर्षं होती.

कडं बसल्यापासूनच्या चार वर्षांत बहिणींची गाठ पडली नव्हती. कधी केतकीच्या मुलीचं लग्न, कधी मधुराचा सीझन. फोन व्हायचे, तेही आठवड्यातल्या साध्या दिवसांत, कारण रविवारी आतला माणूस बोलला की बाहेर चिमणी चिवचिवल्यासारखं ऐकू येतं. मधुरा कॅमेऱ्यापासून जरा लांबच बसायची. “केस रंगवायचे सोडलेस का गं?” असं केतकीने एकदा विचारलं होतं. मधुराने विषय बदलला.

कड्याच्या दाराशी, प्रतीक्षागृहात, कंपनीच्या शास्त्रज्ञ डॉ. शमा तांबोळी पर्यटकांच्या शंका दूर करायला बसत. त्या मूळच्या कराडच्या. सांगलीची माणसं पाहून त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“सोप्पं आहे,” त्या म्हणाल्या. “साडी केवढी असते? साडेपाच मीटर. आणि कमरेचा घेर?”

“आता कशाला विचारताय!” केतकी म्हणाली.

“बरं, मीटरभर धरू. तर साडेपाच मीटर कापड मीटरभरात बसतं कसं? निऱ्या घालून. आम्ही काळाला निऱ्या घालतो. काळनिऱ्या. बाहेरून बघणाऱ्याला वीतभर पट्टी दिसते. पण त्या निऱ्यांवरून एखादी मुंगी चालत निघाली, तर तिला प्रत्येक घडीत उतरून, चढून, सगळं कापड चालावं लागतं. रविवार बाहेरून वीतभर. आत सगळं कापड.”

“उत्तम,” निरंजन म्हणाला. “म्हणजे आमच्या सव्वा तासात तीन दिवस.”

“चोवीस मिनिटांना एक दिवस. सूर्य मात्र आमचा असेल हं, वर छतावर. खरा सूर्य आतून जागचा हलत नाही, लोकांची झोप उडते. आमचा वेळेवर मावळतो.”

केतकी ओढणीच्या टोकाला बोटांनी चुण्या घालत होती. “आणि मुंगी तिथेच राहत असेल तर?”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. हा प्रश्न त्यांना बहुधा पहिल्यांदाच विचारला गेला नसावा.

“रहिवाशांना शनिवारी रात्री बाहेर पडायची मुभा आहे. कंपनीची बस असते, फुकट.”

“पडतात?”

“हॉटेलांचे मालक पडतात,” त्या म्हणाल्या. “रविवारी हॉटेल चालवणारे कसे पडतील?”

“तुम्ही आत राहता?”

“मी? नाही हो. मी इथे दारातच असते.”

आत शहर खरोखर रिकामं होतं. गल्ल्या स्वच्छ, राजवाड्यात पावलांचा आवाज घुमेल एवढी शांतता. निरंजन खूश होऊन भिंतीवरच्या पाट्या अथपासून इतिपर्यंत वाचत सुटला. केतकी थेट खानावळीत गेली.

गल्ल्यावर पन्नाशीकडे झुकलेला एक माणूस होता, दाढीत पांढरे केस. “या मावशी,” तो म्हणाला, तेव्हा तिला कळलं की हा अद्वैत. त्याच्या बारशाला तिने पाळणा म्हटला होता; हिशेबाने तो तीस वर्षांचा होता.

मधुरा आतून भिंतीला हात लावत आली. केस पांढरेशुभ्र, पाठीला बाक. दरवर्षी बावन्न रविवार, म्हणजे बावन्न महिने जास्तीचे. चार वर्षांत सतरा वर्षं. हा गुणाकार केतकीला गाडीतही करता आला असता. तो तिने केला नव्हता, इतकंच.

मधुरा रिवाजाप्रमाणे पाया पडायला वाकू लागली. गुडघा कुरकुरला.

“अगं राहू दे! आता मीच वाकायला हवं तुला.”

“गप गं. कागदावर तू तीन वर्षांनी मोठी आहेस. आणि सरकार कागद मानतं.” ती वाकलीच, आणि उठताना बहिणीचा खांदा धरून उठली. “आमच्या गल्लीतला पोस्टमन बघ. सत्तरीचा झालाय, सायकल चालवत नाही, धरून चालतो. कागदावर पंचावन्न. निवृत्तीला अजून पाच वर्षं आहेत म्हणजे सव्वीस.”

“हे तू फोनवर सांगितलं नाहीस.”

“काय सांगायचं? धंदा चांगला चाललाय हे सांगितलं ना. चार वर्षांत एकवीस वर्षांचा धंदा केलाय मी.” मग ती हसायची थांबली. “ताई, तू ‘दोन वर्षांनी’ म्हणतेस तेव्हा मी इथे दहा वर्षं मोजते. डॉक्टर म्हणतात छातीत दुखतं ते वयोमानाने. मी त्यांना म्हटलं, माझं वय चौपन्न आहे. ते म्हणाले, तुमचं आहे, हृदयाचं नाही.”

केतकी तीन दिवस राजवाडा बघायला गेलीच नाही. ती खानावळीच्या मागच्या ओट्यावर बसून भाज्या निवडत राहिली आणि बहिणीच्या मागे लागली. तिसऱ्या दिवशी दुपारी मधुराने हातातला झारा खाली ठेवला.

“बरं, येते. दोन वर्षांनी नाही, आत्ताच येते. वरच्या मजल्यावर पाणी येतं ना?”

“चोवीस तास.”

“मग झालं. पण आठ दिवस दे मला. अद्वैतच्या बायकोला मसाल्याचं प्रमाण दाखवायचंय. आणि जळगावचा ग्रुप येतोय, त्यांना भरीत कबूल केलंय. ते खाऊन गेले की मी मोकळी.”

“मी थांबते तोवर इथेच,” केतकी म्हणाली.

तेवढ्यात सगळे महाल बघून परतलेल्या निरंजनला एक गोष्ट सुचली. ती त्याच्या आखणीच्या कारकिर्दीतली सर्वात देखणी गोष्ट होती.

“थांबायचं कशाला? आपण बाहेर बसू. हिचे आठ दिवस म्हणजे आपले तीन तास. अकराला बाहेर पडू, डबा खाऊ, सव्वादोनला ही दारातून बाहेर. तुझे आठ दिवस वाचले!”

“पण मध्ये काही लागलं तर?”

“परत आत येता येत नाही,” अद्वैत म्हणाला. “एका रविवारी एकदाच. नाहीतर गर्दी होते.”

“अगं, भाऊजी बरोबर बोलतायत,” मधुरा म्हणाली. “माझ्यासारखी तूही इथे बसून म्हातारी होणार का? पुढे मला सांभाळायचंय तुला. जा, बाहेर बस. मी आलेच.” तिने गवती चहा उकळून थर्मास भरून दिला. केतकीने तिच्या गालाला हात लावला. तेवढाच निरोप झाला, कारण तीन तासांसाठी कोण मोठा निरोप घेतो?

बाहेर अकरा वाजले होते. दारासमोर लिंबाखाली बाकं होती. दोघांनी डबा खाल्ला. निरंजन घड्याळाकडे बघून बातम्या दिल्यासारखं सांगत होता. “एक दिवस झाला. मसाला चाललेला असेल.” “साडेबारा. जळगावकर उतरले असतील.” केतकीही हसली. चहा उघडू या का, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली, मधुरा आली की तिघं मिळून घेऊ.

सव्वादोनला दारातून एक जोडपं आणि एक बॅग बाहेर आली. मधुरा नव्हती.

“पॅकिंग,” निरंजन म्हणाला. “बायकांचं एका दिवसाने पुढे-मागे होणारच. म्हणजे पंचवीस मिनिटं.”

तीन वाजता केतकी खिडकीशी गेली. तिथल्या मुलीने हसून सांगितलं की मॅडम, आपलं आजचं तिकीट वापरून झालं आहे. आत निरोप देता येईल का? देता येईल, निरोप घेऊन जाणारा माणूस साडेतीनला येतो. केतकीने मनातल्या मनात तो गुणाकार केला. या वेळी तो आपोआप झाला. ती बाकावर परत आली आणि तिने निरंजनला घड्याळ बघायला मनाई केली.

पाचला जरा कमी असताना अद्वैत बाहेर आला. एकटाच होता. त्याने टोपी घातली होती. केतकीला बघून त्याने ती काढली. डोक्यावर चार-पाच दिवसांचे खुंट होते, आणि दाढी, मिशी नव्हती.

मग अद्वैत बाकाच्या टोकाला बसला.

“तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या छातीत कळ आली. मी म्हटलं, मावशीला निरोप देतो. तर म्हणाली, आत्ता बाहेर किती वेळ झाला असेल रे? मी म्हटलं, अर्धा तास. म्हणाली, मग आत्ताशी जेवायला बसली असेल, राहू दे. उद्यापर्यंत बरी होते मी.” त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. “पहाटे गेली. निरोप खिडकीपर्यंत पोचून, तुम्हाला शोधून, खास परवानगी मिळून तुम्ही आत येईपर्यंत चार दिवस जातात, मावशी. तेवढं थांबता येत नाही. आणि नुसती बातमी खिडकीवरून कळवायची नव्हती, म्हणून दिवस करून मीच आलो. काल तेरावा झाला. जळगावचे लोकही त्यासाठी थांबले होते, पानावर बसून दोन घास खाऊन गेले.”

केतकी त्याच्याकडे बघत होती. त्याच्या चेहऱ्यावर रडून झालेल्या माणसाची शांतता होती. तो दुःखाच्या पलीकडच्या काठाला पोचला होता आणि तिला अजून चप्पल काढायची होती. तिच्या बोटांना मघाशी निवडलेल्या मेथीचा वास येत होता.

हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिने थर्मास उघडला. वाफ वर आली. गवती चहाचा वास आला तसा अद्वैत एकदम वळला.

“हा आईच्या हातचा?”

“सकाळचा,” केतकी म्हणाली.

तिने झाकणात ओतून त्याला दिला. पन्नाशीकडे झुकलेला तिचा भाचा दोन्ही हातांत झाकण धरून, दोन आठवड्यांपूर्वी गेलेल्या आईने केलेला चहा फुंकर मारून पिऊ लागला. तो अजून पोळत होता.

दारातून एक कुटुंब बाहेर आलं. छान झाली सहल, अगदी निवांत, असं काहीतरी एकमेकांना म्हणत ते गाडीकडे गेले. सहाला छत उघडणार होतं आणि उदयपूरचा खरा सूर्य मावळणार होता.

“निरंजन,” केतकी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, एखादी गाडी किती वाजता आहे हे विचारावं तसा. “माझे ते आठ दिवस वाचले ना, ते आता मी कुठे घालवू?”

निरंजनकडे प्रत्येक सहलीचं उत्तर असे. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मनाई आठवली, आणि मनगटावर दुसरा हात ठेवून ते झाकलं.