कुलूपवाल्याची पणती

"जरा ही कड धरता का? हात पुरत नाहीये."

दप्तरखान्याच्या दाराशी एक उंच माणूस फळ्यावर पोस्टर लावत होता. ओठांत दोन टाचण्या, चष्म्यावर पावसाचे थेंब. मी कड धरली. तो हसला… आणि हसणं छान होतं, खोटं कशाला बोलू. मग माझी नजर पोस्टरवर गेली.

'नव्वद वर्षांपूर्वीचे चार खून. खुनी कोण? कुलूपवाला, डॉक्टर की खाटीक? रविवारी या, हात वर करून ठरवा.'

मी कड सोडून दिली. पोस्टर लोंबकळलं.

"काय झालं?"

"पहिले आहेत ते माझे पणजोबा."

त्याने टाचण्या तोंडातून काढल्या. तो शाळेत इतिहास शिकवायचा, फावल्या वेळात व्याख्यानं द्यायचा. "मला… खरंच माहीत नव्हतं."

"मग काय माहीत होतं?"

"चारही बायका भाड्याच्या खोल्यांत एकट्या राहायच्या. एकाही दाराचं कुलूप तुटलं नव्हतं."

"म्हणून कुलूपवाला. वा."

"सगळ्या पुस्तकांत तसंच आहे."

"ती फाइल आतल्या कपाटात आहे. सहा वर्षं मी इथे जुने कागद दुरुस्त करते, एकही लेखक ती मागायला आला नाही."

"आणि तुम्ही? तुम्ही पाहिलीत?"

पाहिली नव्हती. हिंमतच झाली नव्हती.

चौथ्या खुनानंतर पणजोबांना पोलिसांनी अकरा दिवस कोठडीत ठेवलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. गावाने मात्र सोडलं नाही. दुकान बसलं. पुढे दोन पिढ्यांनंतर माझ्या आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं, का तर मुलाच्या काकांच्या कानावर गेलं, 'ही त्या खुन्याच्या घरातली'. आत्याने मला वाढवलं, पण या विषयावर तिने कधी तोंड उघडलं नाही. आणि आता लोक रविवारी करमणूक म्हणून हात वर करणार होते.

दुसऱ्या दिवशी मास्तर फाइलसाठी रीतसर अर्ज घेऊन हजर झाला. मग रोजच, शाळा सुटली की. माझ्या टेबलाच्या पलीकडे बसून वाचायचा आणि मधूनच माझ्याकडे बघायचा.

"तुम्ही चिडलात की ब्रश फार हळू फिरवता."

"कागदाचा काय दोष?"

"माझा आहे का मग?"

"वाचा तुम्ही."

शुक्रवारी पोलीस ठाण्याच्या रोजनाम्यात दोन पानं चिकटलेली सापडली. मी त्यावर ओलसर कापड ठेवलं आणि पातळ पातं हळूहळू सरकवत राहिले. दीड तास. तो इतका जवळ वाकला होता की…

"श्वास जरा तिकडे सोडा. कागद थरथरतोय."

"कागदच ना?"

पान सुटलं होतं.

तिसऱ्या खुनाच्या दुसऱ्या दिवसाची नोंद होती. कुलूपवाला आठ दिवसांपासून इस्पितळात. उजवा हात यंत्रात चेचलेला. जबाब खाटेवरच घेतला. म्हणजे चौथ्या खुनानंतर त्यांना पकडलं, तेव्हा पोलिसांना सगळं ठाऊक होतं. ओलाव्याने पानं चिकटतात ती वेडीवाकडी. इथे चारही कडांना नेटका डिंक लावला होता.

मी पातं खाली ठेवलं. मास्तरने पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि हळूच म्हणाला, "आणखी एक बघा. चारही खोल्यांचा मालक एकच. प्रत्येक खोलीची दुसरी चावी त्याच्याकडे. नगरपालिकेचा सभासद होता. त्याचा जबाब कुठेच नाही."

"मग रविवारी त्याचंच नाव घ्या."

"नाही घेता येणार. चाव्या होत्या, एवढंच कळतं. उद्या त्याची पणती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तर तिला काय सांगू?"

"म्हणजे बड्या माणसाचा मान राखायचा, आणि आम्ही तीन पिढ्या भोगलं ते…"

मी फाइल बंद करून उठले. शनिवारी तो आला, तेव्हा मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पण त्याचं ते पणतीचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना.

रविवारी सभागृह भरलं होतं. आत्या पहिल्या रांगेत बसली. मीच तिला सगळं सांगितलं होतं, ती लगेच साडी बदलून निघाली होती. मी दाराशीच उभी राहिले.

मास्तरने ती नोंद वाचून दाखवली. इस्पितळ, हात, डिंक. मग म्हणाला, "आज कोणी हात वर करायचा नाही. खून कोणी केले, मला माहीत नाही. घरमालकाला कोणी विचारलंच नाही, ही पोलिसांची लाज आहे, पुरावा नाही. पण कुलूपवाल्याने खून केले नाहीत. ते पोलिसांना माहीत होतं, आणि त्यांनी ते लपवलं."

"मग आलो कशाला आम्ही?" मागून कोणीतरी कुरकुरलं. चार-पाच खुर्च्या सरकल्या.

आत्या उठून उभी राहिली. "कुलूपवाल्याचं वाक्य पुन्हा एकदा म्हणाल का?"

त्याने म्हटलं. हळू, स्पष्ट, तिच्याकडे बघून. आत्या खाली बसली आणि पदराने डोळे टिपत राहिली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

नंतर पायऱ्यांवर तो माझ्याशेजारी येऊन थांबला. भुरभुर पाऊस होता.

"मला वाटलं होतं, टाळ्यांसाठी घरमालकाचं नाव घ्याल," मी म्हटलं.

"घेणार होतो. तुम्ही बोलत नव्हता ना माझ्याशी… काल रात्री लिहूनही काढलं होतं."

"मग?"

"सकाळी फाडलं. तुम्ही खूश झाला असता, पण माझ्यावर विश्वास ठेवला नसता."

खरं होतं ते. मला राग अजूनही होता, त्या डिंकाचा, त्या काकांचा, सगळ्यांचा. पण त्याच्यावरचा आता शोधूनही सापडेना.

"एक विचारू?" तो चष्मा पुसत म्हणाला. "तुमच्याशी लग्न करायचंय मला… हे आज बोलणं बरं दिसेल का?"

"मुळीच बरं दिसणार नाही," मी म्हटलं आणि त्याच्या छत्रीखाली सरकले. "आत्या येतेय. तिच्यासमोर पुन्हा बोला."