सणापुरता हंडा

बँकेच्या स्मरणिकेसाठी मी पेढीचा इतिहास लिहून दिला. तो छापूनही आला.

राम आळीतल्या एका तांदळाच्या व्यापाऱ्याने आपल्या वखारीची मागची बाजू रिकामी करून ही धर्मार्थ गहाणपेढी सुरू केली, त्याला कारण पावसाळा. होड्या वर ओढल्या की नारळी पौर्णिमेपर्यंत मिरकरवाड्यातल्या चुली कशावर पेटणार? सावकार घरं लिहून घेत. पेढी भांडी ठेवून घेई. हंडे, पराती, घंगाळी. व्याज नाही, कोठीतल्या दिव्याच्या तेलवातीपुरता एक आणा. पुढे भांड्यांच्या जागी दागिने आले, दागिन्यांमागून ठेवी आल्या, आणि १९८३ साली पाटी बदलून सहकारी बँक झाली.

पेढीचा एक रिवाज मला फार आवडतो, तोही मी लेखात घातला. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीसाठी गहाण हंडा सणापुरता घरी नेता येई. चिठ्ठी नाही, सही नाही. अंघोळी झाल्या की बायका हंडा चिंचेने लख्ख घासून परत आणत, आणि भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून आत मूठभर पोहे घालत. एकही हंडा कधी बुडाला नाही.

इथपर्यंत स्मरणिकेत आहे. पुढचं नाही.

आप्पा, माझे वडील, त्या कोठीचे राखणदार होते. आई मिरजेला इस्पितळात होती तेव्हा त्यांनी घरातला तांब्याचा हंडा उचलला आणि इतर कुणासारखाच स्वतःच्या पेढीत गहाण ठेवला. आई परत आली नाही. हंडाही आला नाही. पुढे पैसे होते, मी साताऱ्याला नोकरीला लागले होते, तरी आप्पांनी तो सोडवला नाही. मी विषय काढला की म्हणत, "असू दे तिथे." आईची दुसरी कुठलीच वस्तू आमच्याकडे उरली नव्हती. लुगडी आत्याने वाटून टाकली होती. मला ते समजत नसे, आणि मी साताऱ्याहून कमी कमी येऊ लागले.

१९८५च्या श्रावणात आप्पा गेले. दिवाळीच्या तोंडावर बँकेचं पत्र आलं. कोठीत लॉकर बसवायचे होते. बेवारस भांडी मोडीत जाणार होती. हंडा हवा असेल तर सोडवून न्यावा.

मी पोचले ती नरक चतुर्दशीच्या आदल्या दुपारी. पुढच्या दाराशी टेम्पो उभा होता आणि मोडवाला पराती एकात एक घालून दोरीने बांधत होता. नेवरेकर मॅनेजर भले गृहस्थ होते. "तुमचा बाजूला ठेवलाय," म्हणाले. "पण काय ते आजच करा. उद्यापासून सुट्टी, आणि ही गाडी आज सगळं नेणार."

कोठी मी लहानपणानंतर पाहिली नव्हती. जांभ्याच्या भिंती, वर एकच झरोका. शिपाई गुणाजी पुढे होता. आप्पांच्या हाताखाली तो म्हातारा झाला होता. उरलेल्या हंड्यांवर बोटभर धूळ होती. कोपऱ्यातल्या आमच्या हंड्यावर नव्हती. गळ्यावर ठिपक्यांनी कोरलेलं आईचं नाव मी अंगठ्याने चाचपलं: मथुरा. हंडा उचलला तेव्हा बुडाची काजळी हाताला लागली. काळी, ओलसर.

"हा कुणी वापरतं का?"

"कोण वापरील?" गुणाजी म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "ताई, ह्यो आज नको नेव. सण होऊ दे."

"आणि मग? मोडवाला थांबणार आहे का?"

"मी मागं लपवून ठेवतो. सायबांना कळायचं नाय."

"गुणाजी, मला उद्या ह्यातलं पाणी हवंय. आईच्या हंड्यातलं. एकदाच."

मग त्याने खांद्यावरच्या पंच्याने हंड्याचा काठ पुसला आणि हंडा दारापर्यंत आणून दिला.

हंडा उजेडात आला तेव्हा आत बुडाशी काहीतरी चिकटलेलं दिसलं. नखाने काढलं. तांबड्या पोह्याची एक पाकळी होती, वाळून कडक झालेली.

घरी शेजारच्या आवडाबाई पाणी भरू लागल्या. "यंदा तुला सण नाय हां गो," त्या म्हणाल्या. "उटणं नको, दिवे नको."

"नुसती अंघोळ करीन."

"कर बाय. तुज्या आवशीचं पाणी म्हंजे असं कडक, पाठ सोलून निघायची. आन् तू बोंबलायचीस, ती आमच्या पडवीत ऐकू यायची."

मी हसले. श्रावणानंतर पहिल्यांदाच असेन.

पहाटे उठून न्हाणीतली चूल पेटवली. झावळ्या, नारळाची सोडणं. जाळ चांगला धरला. मी पाटावर बसून राहिले.

आई असताना या न्हाणीच्या उंबऱ्याशी तीन कारिटं ओळीने मांडलेली असत. कारीट म्हणजे काकडीच्या जातीचं एक इवलंसं कडू फळ. अंघोळीआधी ते डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचं आणि बी जिभेला लावायचं. पहिलं आप्पा फोडत, दुसरं आई. माझं शेवटचं, कारण मी अंथरुणातून निघत नसे. मग न्हाणीतून हाक येई, "ऊठ गो, तुझं राहिलंय!"

यंदा मी कारिटं आणली नव्हती.

बराच वेळ झाला. मी हात घालून पाहिला. पाणी गार होतं. आणखी सोडणं सारली. ज्वाळा हंड्याच्या गळ्यापर्यंत चढल्या, चुलीचा दगड तापून पाय भाजू लागला. पाणी विहिरीतून नुकतं काढल्यासारखंच राहिलं. मग मी तळहात हंड्याच्या कुशीला लावला, जाळाच्या अगदी वर. तांबंही गार होतं.

बाहेर उजाडलं होतं. दारात गुणाजी उभा होता. दिवाळीच्या सकाळी कोठीत पणती लावायचा त्याचा नेम होता, तो तिथूनच आला होता.

"तापलं नाय ना?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"चला."

वाटेत तो एका दमात बोलला. "वहिनी गेल्या त्याच दिवाळीला आप्पांनी मला आत बोलावून दाखवलं. कुलूप शाबूत. हंडा ऊन. आत मूठभर पोहे. तवापास्नं दर साली."

"आप्पा काय म्हणाले?"

"हंड्याला हात लावून उभे रायले. मी बाहेर आलो."

"मला कधी सांगितलं नाही."

"मी म्हटलं व्हतं, ताईला कळवा. तर म्हणाले, ती सोडवून घरी नेईल. गहाण हाय, तोवर तिच्या आईला सणाला नेता येतो."

मी मध्येच थांबले. गुणाजीही थांबला, पण मागे वळला नाही.

बँक बंद होती. त्याने मागचं दार उघडलं आणि स्वतः बाहेरच राहिला. पणती जळत होती. सगळी भांडी गेलेली, फरशी धुऊन काढलेली, कोरडी. फक्त कोपऱ्यात, जिथे आमचा हंडा असे, तिथे पाण्याचं एक गोल वर्तुळ होतं.

मी गुडघ्यावर बसले. तळहात टेकला.

फरशी ऊन होती.

शेजारी केळीच्या पानाचा तुकडा होता. त्यावर तांबडे पोहे, गूळ-खोबरं घातलेले. हंडा नव्हता, म्हणून पानावर.

"आई," मी म्हटलं.

उठून दाराकडे वळले, तेव्हा उंबऱ्याच्या आतल्या बाजूला लक्ष गेलं. आत येताना मी ते ओलांडून आले होते.

कारिटं. ओळीने.

"गुणाजी, ही तुम्ही मांडलीत?"

"काय?" तो बाहेरूनच म्हणाला.

पहिलं फुटलेलं होतं. रुंद, जड अंगठ्याखाली चेचलेलं. दुसरं फुटलेलं होतं, हलकेच, बी एका बाजूला सरकवून.

तिसरं अख्खं होतं. देठ अजून ओला होता.

मी डाव्या पायातली चप्पल काढली.