गगनवीरच्या शेल्याच्या निऱ्या

माझी बायको कमळ गेल्याचं मला छापखान्यात कळलं. विषमज्वराने ती इस्पितळात होती. सकाळी तिला बरं वाटत होतं म्हणून मी 'गगनवीर'चं पान द्यायला गेलो होतो. शेजारचे पेडणेकर धापा टाकत आले आणि म्हणाले, "जयवंतराव, इस्पितळात चला." मला समजलं.

मुलांच्या साप्ताहिकात ती चित्रकथा येत असे. गगनवीर खांद्यावर शेला घेऊन आकाशात उडायचा, गुंडांना चोपायचा. गोष्ट माझी, चित्रं कमळची. सही मात्र माझी. मारामारीच्या चित्राखाली बाईचं नाव नको, असं संपादक म्हणाले होते. कमळ तेव्हा नुसती हसली. मी सही केली.

ती गेल्यावर चित्रंही मीच काढू लागलो. कुणाला काही सांगितलं नाही. वाचकांची कार्डं येऊ लागली. बोरीवलीच्या एका मुलाने लिहिलं, 'गगनवीर आजारी आहे का?'

आठ महिन्यांनी, पंचावन्न साली, मी घाटकोपरच्या वाचनालयात गेलो. टेबलापाशी एक बाई ग्रंथपालांशी भांडत होती. हातात आमचाच अंक.

"हा हात आहे की वांगं? तुम्हीच सांगा हो!" ती एकदम माझ्याकडे वळली.

"वांगं..." मी म्हणालो. खरंच तसंच दिसत होतं.

"बघा! आणि आधी हा लढून आला की हातपाय धुवायचा, मग जेवायचा. आता नुसता मारत सुटतो. चित्रकार बदललाय."

"सही तर तीच आहे."

"सही असेल. पण आधीचा हात बाईचा होता."

"कशावरून?"

"शेल्यावरून. उडताना त्याच्या निऱ्या बरोबर खांद्यापासून सुटायच्या. रोज साडी नेसणाऱ्या बाईलाच ते कळतं. आता बघा – पाठीला टॉवेल अडकवलाय!"

मी हसलो. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मग डोळ्यांत पाणी आलं, ते थांबेना.

"अहो... मी काही वावगं बोलले का?"

"नाही. वांगं मी काढलंय. आधीचं सगळं माझ्या बायकोचं होतं. ती गेली."

तिने बाक पुढे ओढला. "बसा. मी सुगंधा. भांडुपच्या शाळेत शिकवते. तिचं नाव काय होतं?"

मी तिला सगळं सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी संपादकांकडे गेलो. "नाव छापा, नाहीतर गोष्ट बंद," म्हणालो. ते चिडले, पण पुढच्या अंकात चौकट आली. 'आठ महिन्यांपूर्वीपर्यंतची चित्रं कमळ जयवंत यांची.' कार्डांचा ढीग पडला. एकानेही तक्रार केली नव्हती.

गगनवीरसाठी नवा चित्रकार मिळाला. सुगंधा दर शनिवारी वाचनालयात त्याच्या चुका दाखवू लागली. चुका लवकर संपायच्या, आम्ही बसूनच राहायचो.

"चित्रकार सुधारला हो," एकदा ती म्हणाली. "आता मी कशाला यायचं?"

"माझ्या चुका दाखवायला... घरी या."

"घरी? लोक काय म्हणतील?"

"लग्न केलं म्हणतील."

ती खाली बघून अंकाचं पान चाळत राहिली. "विचारायला फार शनिवार लावलेत तुम्ही," ती म्हणाली.

लग्नानंतर तिने आपल्याकडचे जुने अंक बाहेर काढले. प्रत्येकावर माझी सही खोडून शाईने कमळचं नाव लिहिलं. मला विचारलंही नाही. मी दौत धरून बसलो होतो.

वाचनालयातले अंकही आम्ही पुरे केले. लोकांच्या घरांतले राहिले आहेत. त्यांच्यावर अजून माझंच नाव आहे.