शेवटचा थांबा, सहा मीटर

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात जळगावात नानांच्या ऑक्सिजन प्लांटवर एक पाणबुड्या सिलिंडर भरायला आला, तोही सावद्याचा. नानांची बीएस्सी झालेली लेक चारुशीला, तिला हसूच आवरेना.

"केळीच्या बागेत बुडायला शिकलात?"

"नाही, समुद्रात. आठ वर्षं," हेमराज फेगडे म्हणाला. "सातपुड्यातल्या एका धरणाचा दरवाजा अडकलाय, पन्नास मीटर खाली. एवढ्या खोलात हवेतला नायट्रोजन भांगेसारखा चढतो. फोनवर पाढे विचारायला माणूस हवंय... उत्तर चुकलं की वर ओढायचं. तुम्ही याल?"

त्याचे डोळे मिश्कील होते. ती गेली.

आठवडाभराच्या तयारीनंतर पहिल्या बुडीत नुसती पाहणी होती, म्हणून तो साध्या हवेवरच उतरला. तळाशी पोचल्यावर तिनं विचारलं, "एकोणतीस सत्ते?"

फोनवर खुदकन हसू आलं. "पाढा राहू दे गं... तू माझ्याशी लग्न कर."

तिचे कान तापले. "ओढा वर," ती दोरवाल्यांना म्हणाली.

वर आल्यावर तो नजर चुकवत राहिला. तिलाही रडू यायचं तेवढं बाकी होतं. आठवडाभर जे ऐकायला ती आसुसली होती, ते म्हणालं कोण, तर नायट्रोजन.

दुसऱ्या खेपेला तिनं मिश्रण ठरवलं. नायट्रोजन कमी करून हेलियम चाळीस टक्के, ऑक्सिजन फक्त वीस. नाना कळवळले. "जरा जास्त टाक ना पोरी. घरचा ऑक्सिजन, तुले काय कमी?"

"तीस टक्के टाकला तर तळाशी झटके येतील त्यांना, नाना. खोलात ऑक्सिजनही बाधतो."

त्या दिवशी हेलियममुळे त्याचा आवाज चिरका येत होता, पण एकही पाढा चुकला नाही. दरवाजा सुटला. बाकी तो अवाक्षर बोलला नाही. म्हणजे ती नशाच होती, असं मनाशी म्हणत चारुशीला थांब्यांच्या वेळा वहीत लिहू लागली.

वर येताना सहा मीटरवर शेवटचा थांबा होता. अंगात मुरलेले वायू निघून जावेत म्हणून तिथे शुद्ध ऑक्सिजनवर चाळीस मिनिटं लटकायचं. फोन खरखरला. आवाज आता त्याचा होता.

"चारुशीला, इथे नशा चढते का?"

"सहा मीटरवर? नाही."

"मग ऐक. परवा बोललो ते मला सगळं आठवतंय. आता शुद्धीवर विचारतो... करशील लग्न?"

"मघाशी तळाशी का नाही विचारलंत?"

"त्या बदकाच्या आवाजात मागणी घालू?"

स्पीकर चालूच होता. दोरवाले खाली माना घालून हसत होते. तिनं सिलिंडर घेऊन धरणावर आलेल्या नानांकडे पाहिलं.

"माह्याकडे काय पाहते? तुले इचारलं त्यानं," नाना म्हणाले.

"हो," ती फोनमध्ये म्हणाली.

"येतो मग वर."

"खबरदार. अजून छत्तीस मिनिटं आहेत. घाईनं वर येणाऱ्यांचे सांधे धरतात, आणि मला नवरा धडधाकट हवाय."

मग लग्न सावद्याला की जळगावला, यावर दोघं छत्तीस मिनिटं भांडले.