डाव्या स्टिअरिंगची मॉरिस

"अगं, फोटो सरळ धर ना! हात हलतोय की भूकंप आलाय?" केयूर ओरडला.

"तुझा मोबाइलच म्हातारा झालाय, त्याला कंप सुटलाय!" संस्कृतीने लगेच परतफेड केली.

स्पृहा मात्र फोटोकडेच बघत होती. एरवी या दोघांच्या भांडणात तेल ओतायला ती सगळ्यांत पुढे असायची. पण चौकटीतला तो फोटो तिच्या बाबाचा होता आणि बाबा दिवाळीच्या आधी गेला होता. अचानक. सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेला, तो परत आलाच नाही.

म्हणूनच मे महिन्याची सुट्टी लागल्या लागल्या सोसायटीतल्या या तिघांनी ठरवलं होतं, बाबाची राहून गेलेली गोष्ट पूर्ण करायची. त्याची गाडी शोधायची!

फोटो जुना, काळा-पांढरा, दसऱ्याचा. गाडीला झेंडूचा भलामोठा हार, इतका मोठा की नंबर प्लेट पार झाकून गेलेली. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला नऊवारीतली आजी आणि बॉनेटवर तीन वर्षांचा बाबा. पुढे आजोबा वारले, गाडी विकली गेली. कुणी गाडीचा विषय काढला, की आजी उठून आत जायची. बाबाने तिला पुन्हा कधी विचारलं नाही. आता आजीही नव्हती.

"समोरची काच मधोमध जोडलेली, दिवे मडगार्डवर," केयूर तोऱ्यात म्हणाला. जुन्या गाड्या म्हणजे त्याचा जीव की प्राण! "मॉरिस मायनर. एकोणीसशे पन्नासनंतरची, छप्पनच्या आधीची. आणि पुढच्या मडगार्डवर हे बघ, पत्र्याचं ठिगळ!"

"आणि स्टिअरिंग डावीकडे," स्पृहा हळूच म्हणाली.

तिथेच तर सगळं अडलं होतं. जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात कुणी तज्ज्ञ म्हणवणाऱ्या काकांनी फोटोवर ओझरती नजर टाकून बाबाला छातीठोकपणे सांगितलं होतं, "परदेशातून आलेली गाडी! उजव्या स्टिअरिंगची दिसली, तर थांबूसुद्धा नका." बाबाने ते प्रमाण मानलं. दरवर्षी तो स्पृहाला घेऊन प्रदर्शनाला जायचा, प्रत्येक मॉरिसच्या काचेतून लांबूनच डोकवायचा, "आपली नाही" म्हणायचा आणि पुढे चालू लागायचा.

"एक विचारू?" संस्कृती फोटोत नाक खुपसून बसली होती. "तुझ्या आजीने नथ उजव्या नाकपुडीत का घातलीय?"

"तुला गाडीतलं काही कळत नाही, तर नथ बघ!" केयूर खिदळला.

"हसू नकोस! स्नेहसंमेलनात मी उजवीकडे घातली होती, तर बाईंनी सगळ्यांसमोर झापलं मला. आपल्याकडे नथ डावीकडे घालतात. आणि पदर बघ, तोही उजव्या खांद्यावर. आजी काय घाईत होती का?"

केयूरचं हसू मावळलं. त्याने मोबाइलवरचा फोटो उलटा फिरवला. डावं उजवीकडे गेलं, उजवं डावीकडे आलं. नथ जागेवर आली. पदर जागेवर आला.

आणि स्टिअरिंग उजवीकडे आलं!

"फोटो मोठा करताना स्टुडिओवाल्याने निगेटिव्हच उलटी लावली," केयूर पुटपुटला. "गाडी कधीच डाव्या स्टिअरिंगची नव्हती!"

बाबा आयुष्यभर या फोटोतली गाडी बघत राहिला. आपल्या आईच्या चेहऱ्याकडे त्याने एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

ती धावत जाऊन बाबाचा लॅपटॉप घेऊन आली. त्यात प्रदर्शनांतले ढीगभर फोटो होते. तिघं एकेक मॉरिस तपासू लागले. ही नाही. हीपण नाही. मग एका फोटोवर केयूर थबकला. फोटोत सहा वर्षांची स्पृहा दात पडलेलं हसू हसत होती. तिच्या मागे काळी मॉरिस, स्टिअरिंग उजवीकडे. शेजारी बाबा, त्याचा हात मडगार्डवर टेकलेला.

त्याच्या बोटांखालून ठिगळाची कड डोकावत होती.

"तो म्हणाला होता, आपली नाही, पण तुझा फोटो छान येईल," स्पृहा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. संस्कृतीने नुसताच तिचा हात धरला.

गाडीच्या काचेवर प्रदर्शनाचं कार्ड होतं. मालक : गेनबा, मु. मांजरी.

"डोळे पूस," संस्कृती म्हणाली. "बस पकडायचीय!"

मांजरीत चौकशी करत तिघं उसाच्या शेताकडेच्या शेडपाशी पोचले, तर दारात टेम्पो उभा! एक चकचकीत बुटांचा माणूस मॉरिसच्या छपरावर खडूने रेघ मारत होता.

"काका, हे काय करताय?"

"हॉटेलसाठी काउंटर! इथून दोन तुकडे करायचे, पुढच्या भागात सॅलड मांडायचं. चला, बाजूला व्हा बाळांनो."

"ही माझ्या बाबाची गाडी आहे!"

"हो का? आणि शनिवारवाडा माझ्या आजोबांचा!" तो हसला आणि टेम्पोपाशी उभ्या कामगारांकडे वळला. "अरे, मशीन सुरू करा रे!"

संस्कृतीने काय करावं? मागचं दार उघडून ती सरळ आत जाऊन बसली. "करा आता दोन तुकडे! आधी माझे!"

आरडाओरडा ऐकून पांढरा सदरा घातलेले एक आजोबा घरातून बाहेर आले. "काय कालवा हाय ह्यो?"

तेच गेनबा. स्पृहाने रडत, अडखळत सगळं सांगितलं आणि उलटा केलेला फोटो त्यांच्यापुढे धरला. गेनबांनी फोटो पाहिला, मग गाडी पाहिली. ठिगळाच्या वाकड्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. पाठोपाठ आलेल्या त्यांच्या पत्नी सरुबाईही फोटोत डोकावल्या.

"ठिगळ त्येच हाय," गेनबा म्हणाले. "आमी घेतली तवापास्नं हाय ते. पोरी, तुझा बाप हितं हात लावून गेला आन् बोलला न्हाई?"

"त्याला माहीतच नव्हतं," स्पृहा म्हणाली.

गेनबांनी मान फिरवली. "ओ साहेब, तुमचं विसाराचं पैसं घ्या माघारी. गाडी कापायची न्हाई."

"अहो, पण ठरलंय ना आपलं!"

"मोडलं! त्या पोरांनी नथीवरनं गाडी वळखली. आन् परदर्शनातल्या त्या शान्या मान्सानी स्टिअरिंग बघून एका बापाला माघारी धाडलं."

"हुशार गं माझी बाय," सरुबाईंनी संस्कृतीच्या गालावरून हात फिरवला. केयूरची पाठही थोपटली गेली. तोवर फोनवरून कळल्यामुळे स्पृहाची आई रिक्षातून येऊन पोचली होती. रागावायचं ठरवून आलेली आई गाडी बघून जागच्या जागी उभी राहिली.

स्पृहाला कुणाचीच शाबासकी नको होती. शाबासकी द्यायला जो हवा होता, तोच नव्हता. ती मडगार्डपाशी गेली आणि बाबाचा हात जिथे टेकला होता, तिथे तिने आपला हात ठेवला. पत्रा उन्हाने तापला होता, तरी तिने हात काढला नाही.

"आपली आहे, बाबा," ती म्हणाली.