पेटीतली टिकटिक

टिक.

दुपारी सगळं घर निजलेलं असताना स्वयंपाकघरातून तो आवाज आला. नळ बंद होता. घरातल्या घड्याळाला तर आवाजच नव्हता. चारुता ओट्यापाशी आली, तर इरा फडताळातल्या उबपेटीला (पेशींना अंगाइतकी ऊब देणारी पेटी) कान लावून उभी.

"आई, आत कोण आहे?"

लेक आठ वर्षांची झाली होती. सांगायला हवंच होतं.

"आजीच्या पेशी आहेत. पेशी म्हणजे शरीराची इवलीशी जिवंत वीट."

"पण आजी तर गेली ना?"

"गेली. जाण्याआधी तिने आपल्या गाठीतल्या थोड्या पेशी मला अभ्यासाला दिल्या. साध्या पेशी एकीच्या दोन होतात, पण कुठे थांबायचं ते त्यांना कळतं. कर्करोगाच्या पेशींना थांबणं माहीतच नसतं. एकीच्या दोन झाल्या की पेटी टिक करते."

टिक, टिक. जणू आतून कुणी नखाने दार वाजवत होतं. इराने आईचा पदर धरला.

तेवढ्यात चारुताचे वडील, आबा, तांब्याचं पातेलं घेऊन आले. त्यांच्या पोटातही गाठ निघाली होती. सोमवारपासून हॉस्पिटलात उपचार होते आणि आबांना जायचं नव्हतं. त्यांचा भरवसा होता तो डोंगरातल्या सावलवेलीवर. ती कोकमाच्या पाण्यात उकळायची, असं त्यांच्या आजोबांपासून चालत आलं होतं.

"घाल माझा काढा तुझ्या पेटीत. पेशी मेल्या, तर मी सोमवारी येणार नाही. काढाच पिईन."

"नुसतं कोकमाचं पाणीही उकळून द्या. वेल न घालता."

"त्याने काय होतंय?"

"तो कोरा नमुना (औषध सोडून बाकी सगळं तेच असलेला, तुलनेसाठीचा नमुना). शिवाय काढा माझ्याकडच्या निरोगी पेशींवरही घालायचा. चोराबरोबर घरमालकालाही मारणारं औषध काय कामाचं?"

"प्राध्यापकीणबाई," आबा पुटपुटले, पण पाणी उकळून दिलं.

पेटीच्या तीन खणांत तीन ताटल्या गेल्या. पहिलीत आजीच्या पेशी आणि काढा, दुसरीत निरोगी पेशी आणि काढा, तिसरीत आजीच्या पेशी आणि वेलीशिवायचं पाणी.

दुसऱ्या दुपारी इरा धावत आली. "आई, पेटी गप्प झालीय."

खरंच, इतकी शांतता त्या स्वयंपाकघरात कधी नव्हती. आबांनी भांडंभर काढा ओतून घेतला. "झालं. हॉस्पिटलला कळव, म्हातारा येत नाही."

"थांबा, आबा."

चारुताने एकेक खण उघडला. पहिली ताटली गप्प. निरोगी पेशींची, तीही गप्प. तिसरीतून एक तरी टिक यायला हवी होती. तिथेही काही नाही.

ती ताटलीवर वाकली. "तिसरीत वेल नव्हतीच. मग तिथे कुणी मारलं?"

इरा विचार करत म्हणाली, "तिन्हींत काय सारखं होतं?"

"कोकम. आणि…" चारुताने पातेलं उजेडाकडे तिरपं केलं. तळाशी कल्हई नव्हतीच. तांबं लालभडक उघडं पडलं होतं.

"आबा, हे रोज कोण घासतं?"

"मीच. तुझी आई गेल्यापासून रोज, चिंच लावून. तिला लख्ख लागायचं."

"घासून घासून तुम्ही कल्हईच काढून टाकलीत. आंबटात तांबं उतरलं. पेशी त्याने मेल्या."

आबांनी हातातल्या भांड्याकडे पाहिलं. मग तो काढा मोरीत ओतला.

गोठवून राखलेल्या पेशी घेऊन, मडक्यात उकळून, सगळं पुन्हा केलं. या वेळी निरोगी पेशी टिकटिकत राहिल्या. कोऱ्या नमुन्यातल्याही. काढ्यातल्या आजीच्या पेशी मात्र जरा मंदावल्या. टिक. बऱ्याच वेळाने, टिक.

"म्हणजे माझी वेल अगदीच नापास नाही," आबा म्हणाले.

"काठावर पास, तीही ताटलीत. माणसाला पोट असतं, यकृत असतं, रक्त असतं. तिथवर पोचायला पुष्कळ परीक्षा आहेत. काही वर्षं जातील. तुमच्या गाठीला तेवढा दम नाही."

आबांनी मडकं झाकून ठेवलं. मग म्हणाले, "सोमवारी किती वाजता निघायचं? आणि वेल लावून ठेव कुंडीत. इरा मोठी होईल तेव्हा लागेल."

चारुताने डोळे टिपले. इरा मात्र पुन्हा पेटीला कान लावून उभी होती.

"आई, आजीचं एवढंच उरलंय ना? मग आपलं औषध खरंच सापडलं, तर आपण ते हिच्यावर घालून हिलाही संपवायचं?"

टिक, पेटी म्हणाली. खण लावायला गेलेला चारुताचा हात मुठीवरच थांबला.