उडून गेलेल्या पाण्याचा अर्थ

मनवा म्हात्रेला एकाच प्रश्नाचे दोन निकाल मिळाले होते, आणि दोन्ही तिला चुकीचे वाटत होते.

प्रश्न साधा होता : बाष्पीभवन म्हणजे काय, ते उदाहरण देऊन सांगा. मनवाचं गाव पेणजवळ, खाडीकाठी. घरामागेच मिठागर. तिनं लिहिलं, ‘मिठागराच्या वाफ्यांत खाडीचं पाणी घेतात. उन्हानं पाणी हळूहळू उडून जातं आणि मीठ खाली राहतं.’ शाळेत उत्तरं तपासायला ‘पारख’ नावाची संगणकप्रणाली होती. तिनं शेरा दिला : ‘संकल्पना समजलेली नाही. धडा पुन्हा वाचावा.’

मनवानं धडा पुन्हा वाचला आणि पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी उतरवली. ‘द्रवाचे उत्कलनबिंदूखालील तापमानाला पृष्ठभागावरून वायूत रूपांतर होणे म्हणजे बाष्पीभवन. उदा. ओले कपडे वाळणे.’ पैकीच्या पैकी गुण पडले. उत्कलनबिंदू म्हणजे काय, हे मात्र तिला धड सांगता आलं नसतं.

तेव्हापासून तिनं स्वतःच्या शब्दांत लिहिणं सोडूनच दिलं.

दिवाळीत कुंदाआत्या आली. ती पुण्याला नैसर्गिक भाषा प्रक्रिया (माणसांची भाषा संगणकाला समजावी यासाठीचं शास्त्र) या विषयात संशोधन करायची. ‘पारख’ तिच्याच गटानं घडवली होती. मनवानं तिला दोन्ही उत्तरं दाखवली.

“मला कळलं होतं तेव्हा चूक, आणि कळलं नव्हतं तेव्हा बरोबर. असं कसं गं, आत्या?”

आत्यानं उत्तरं दोनदा वाचली. मग विचारलं, “काय काय उडतं, सांग बरं.”

“पाखरू उडतं. कपड्याचा रंग उडतो. झोप उडते. गाडी गेली की चिखल उडतो.”

“शब्द एकच. मग कुठे कोणता अर्थ घ्यायचा, हे तुला कसं कळतं?”

“मागचेपुढचे शब्द असतात ना.”

“पारखसुद्धा तेच करते. आम्ही तिला ढीगभर मजकूर वाचायला दिला. कोणता शब्द कोणाच्या सोबतीनं येतो, हे ती मोजते आणि त्यावरून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक ओळ देते. ती ओळ म्हणजे शब्दाचा पत्ता समज. ज्यांची सोबत सारखी, त्यांचे पत्ते जवळजवळचे. ‘वाफ’ आणि ‘बाष्प’ शेजारी राहतात.”

“आणि माझं पाणी कुठे गेलं?”

“शिंतोड्यांच्या गल्लीत. तिनं वाचलेल्या मजकुरात पाणी उडायचं ते कुणाच्या तरी अंगावर. मिठागराकाठची माणसं कशी बोलतात, हे तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पुस्तकातलं वाक्य मात्र तिच्या ओळखीचं होतं.”

आत्यानं तिच्या संगणकावर पारखचा विश्वासांक (आपला अंदाज बरोबर असल्याची यंत्राला किती खात्री आहे, ते सांगणारा आकडा) काढून दाखवला. मनवाच्या पहिल्या उत्तरापुढचा आकडा अगदीच लहान होता.

मनवानं तो आकडा वाचला. “म्हणजे तिची स्वतःचीच खात्री नव्हती. तरी तिनं ठरवून टाकलं, मलाच समजलेलं नाही.”

“खात्री नसेल तेव्हा काय करायचं, हे आम्ही तिला शिकवलंच नाही,” आत्या सावकाश म्हणाली. “तुझे सर काय करतात, एखादं उत्तर नीट कळलं नाही तर?”

“विचारतात.”

सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तोवर आत्याच्या गटानं पारखमध्ये बदल केला होता. मनवानं मुद्दाम जुनंच उत्तर लिहिलं. या वेळी शेरा आला नाही, प्रश्न आला : ‘पाणी उडून जातं म्हणजे त्याचे शिंतोडे उडतात, की त्याची वाफ होऊन ते हवेत मिसळतं?’

‘हवेत मिसळतं.’

‘पण मिठागरातलं पाणी तर उकळत नाही. मग त्याची वाफ कशी होते?’

मनवा आठवू लागली. वाफ्यातलं पाणी पायाला कोमट लागतं, कधीच उकळत नाही, तरी कमी होतं. वारा असला की आणखी लवकर. वारा लागतो तो वरच्या पाण्याला. तिला पुस्तकातली व्याख्या आठवली. उत्कलनबिंदूखालील, म्हणजे उकळण्याच्या आधीच. पृष्ठभागावरून, म्हणजे वरच्या थरातून. पुस्तक आणि ती, दोघं एकच गोष्ट सांगत होती. तिनं ते सगळं लिहून काढलं.

पारखनं ते उत्तर विज्ञानाच्या गावंड सरांकडे पाठवलं. शंका असेल तिथे गुण आता सरच ठरवणार होते. त्यांनी ते वाचलं, गुण दिले आणि वर्गाला विचारलं, “पाणी असं नाहीसं झालं, तर तुमच्या घरी काय म्हणतात?” आटलं, सुकलं, उडालं, विरलं... मुलांनी आपापली वाक्यं लिहून दिली. ती वाचून पारख आता या भागातली भाषा शिकणार होती.

दुसऱ्या दिवशी मनवाच्या पडद्यावर नवा प्रश्न होता : ‘पाणी हवेत जातं, मग त्याच्याबरोबर मीठ का जात नाही?’

मनवानं धडा पुढेमागे चाळला. “सर, याचं उत्तर पुस्तकात नाही.”

“नसेल,” सर म्हणाले. “तुला काय वाटतं?”

मनवानं लिहायला घेतलं, ‘मला वाटतं...’